शालनचा बादशहा

शालन, तुझ्या बादशहावरून काल माझं आणि परांजप्यांचं वाजलं. तू जाऊन आज बावीस दिवस झाले. लोक अजून माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलतात, आणि मी मात्र आपल्या मंडळाच्या सेक्रेटरीला घरात बसवून नको नको ते बोललो. चहासुद्धा विचारला नाही. तू असतीस तर आतून भांडं आपटून मला गप्प केलं असतंस.

झालं असं. तुझं पुस्तक मंडळ छापतंय. एका चिनी बादशहाच्या प्रेमाची आणि संसाराची हकिगत, शारजात राहणाऱ्या बाईने, मराठीत, चिनी पुस्तकं चिनीतूनच वाचून लिहिलेली. येत्या शनिवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तुझी सभा आहे. तिथे पुस्तक लोकांच्या हाती द्यायचं आणि शेवटचं प्रकरण मी वाचायचं, असं ठरलं होतं. परांजपे प्रुफं घेऊन आले आणि दोनदा घसा खाकरून म्हणाले, "काका, शेवटची चार पानं ड्रॉप करू या का? थोडी पर्सनल आहेत. त्याच्या आधी सम्राट जातो ना, तिथे लव्हस्टोरी म्हणून एकदम परफेक्ट एंड आहे."

"पर्सनल म्हणजे काय?"

"म्हणजे... त्यात तुम्ही आहात."

मी ती पानं वाचलीच नव्हती. तुझी वही उघडायचा धीर झाला नाही म्हणून मी ती तशीच आपल्या मुक्ताकडे दिली, तिने टाइप करायला दिली, तिथून ती कमिटीकडे गेली. म्हणजे माझ्या बायकोने माझ्याविषयी काय लिहिलंय हे पाच-सहा जणांनी माझ्याआधी वाचलं. माझं डोकंच फिरलं. परांजपे गेल्यावर वाचली, आणि मग लाज वाटली. भला माणूस आहे तो, मला वाचवायला बघत होता. त्या चार पानांत मी आहे, आणि काही फार शोभून दिसत नाही.

उद्या दुपारपर्यंत त्यांना सांगायचंय, पानं ठेवायची की काढायची. मुक्ताला अबुधाबीला, खलिफा सिटीत फोन लावला. वाटलं लेक आहे, काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "बाबा, इट्स युअर कॉल. रिअली." तुझ्या पुढ्यात इंग्रजी बोलायची तिची हिंमत नव्हती, आता मोकाट सुटलीय. म्हणून म्हटलं, जिचा मामला तिच्याशीच बोलावं.

बादशहा आपल्या घरात आला तो समोरच्या फ्लॅटमधून. तिथे राहायच्या त्या चिनी लिनबाईंच्या नवऱ्याचं टाइल्सचं दुकान, माझी क्वांटिटी सर्व्हेयरची नोकरी, दोन्ही पुरुष दिवसभर बाहेर. अल मजाज भागातल्या आपल्या इमारतीच्या त्या नवव्या मजल्यावर समोरासमोर दोन बायका, दोघींच्या व्हिसावर नवऱ्याचं नाव. तुला चिनी येत नव्हतं, तिला हिंदी येत नव्हतं, इंग्रजी दोघींचंही बेताचंच. सकाळी लगूनच्या, म्हणजे त्या खाडीच्या कडेने चालायला जायचात. मला वाटायचं मुक्यानेच चालतात. दीड वर्षाने एकदा लिफ्टमध्ये तिने तुला काहीतरी विचारलं आणि तू असं फाडफाड उत्तर दिलंस की मी तुझ्याकडे बघतच राहिलो, मजल्याचं बटण दाबायचं राहून गेलं. "कधी शिकलीस हे?" मी विचारलं. तू म्हणालीस, "तुम्ही साइटवर असताना." जसं काही वरणाला फोडणी घालायला शिकली होतीस.

लिनबाई गावी इतिहास शिकवायच्या. त्यांनी तुला अक्षरं शिकवली, मग पुस्तकं दिली, मग तुझं वेड बघून गावाहून आणखी पुस्तकं मागवली. सतरा वह्या झाल्या तुझ्या. डावीकडे चिनी अक्षर, शेजारी देवनागरीत उच्चार, खाली अर्थ. मी आयुष्यभर भिंती मोजल्या, खांब मोजले, किती सिमेंट लागेल ते सांगितलं. माझ्याइतकं काटेकोर काम करणारं माणूस माझ्याच घरात बसलंय हे मला त्या वह्या बघून कळलं. बादशहाचं नाव मी इथे लिहीत नाही. माझा उच्चार ऐकून तू कपाळाला हात लावायचीस, ते आता पुन्हा नको.

तुझा शनिवारचा मराठीचा वर्ग आठवतोय? आपल्या हॉलमध्ये सतरंजीवर बारा-तेरा पोरं, आयांनी जबरदस्तीने पाठवलेली. तू मराठीत विचारायचीस, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "आंटी, व्हाय डू वी इव्हन नीड धिस?" असं तोंडावर विचारायची. महिनाभर हे चाललं. मग एका शनिवारी तू पुस्तक मिटलंस आणि बादशहाची गोष्ट सुरू केलीस, क्रमशः.

पाचशे वर्षांपूर्वीचा बाप बादशहा. त्याची एक लाडकी बाई, आणि महालात दुसऱ्या कुणाला मूल झालेलं तिला खपायचं नाही. दूर मुलखातून पकडून आणलेली एक स्त्री तिथे कोठारावर कामाला होती. तिला बादशहापासून मुलगा झाला. महालातल्या नोकरांनी तो लपवला, एक दोन नाही, पाच वर्षं. शेवटी बापाला कळलं. मुलगा समोर आणला, तर त्याचे केस जमिनीला टेकलेले.

"का टेकलेले?" तू पोरांना विचारलंस. कुणाला येईना. तू म्हणालीस, "अरे, त्याचं जावळच काढलं नव्हतं. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं ना जावळ? त्याच्या आईला पकडूनच आणलेलं. मामा आणायचा कुठून?"

पोरं सरसावून बसली. सगळ्यांच्या घरी फोटो होते ना, पुण्याला नाहीतर ठाण्याला मामाच्या मांडीवर बसून रडतानाचे. त्या कोपऱ्यातल्या साने मंडळींच्या मुलीने, जिने कधी मराठीचा शब्द काढला नव्हता, तिने हळूच विचारलं, "मग त्याची आई कुठे गेली?" मी आत पेपर वाचायचं सोंग करत होतो. पेपर खाली ठेवला.

आई लवकरच गेली, तू सांगितलंस. कशी गेली? कुणी मारलं? पोरांनी भंडावून सोडलं. तुला काहीही रंगवून सांगता आलं असतं. तू म्हणालीस, "वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात. नक्की ठाऊक नाही, म्हणून मी नक्की सांगणार नाही." त्या दिवशी मला तुझा काय अभिमान वाटला म्हणून सांगू. बोललो नाही. साइटवर मात्र माझ्या हाताखालच्या इंजिनियरांना आठवडाभर सुनावत होतो की मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, आमच्या घरी बघा.

तो मुलगा मोठा झाला, गादीवर बसला, आणि त्याने एकच बायको केली. हव्या तितक्या करायची मुभा होती, दरबारी मागे लागले होते, तरी एकच. दोघं साध्या घरातल्या नवरा-बायकोसारखी राहायची म्हणतात. इथून आपलं भांडण सुरू झालं आणि आठ वर्षं चाललं.

मी मांडीवर थाप मारून म्हणायचो, "याला म्हणतात प्रेम."

तू म्हणायचीस, "एकच बायको केली म्हणजे प्रेम केलं असं थोडंच असतं? आईचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. तशी आणखी एक बाई नको, तसं लपलेलं आणखी एक पोर नको, एवढंच त्याच्या मनात असेल."

"मग ते प्रेम नाही?"

"चांगुलपणा आहे. प्रेम होतं का, ते तिला विचारायला हवं. आणि तिला कुणी काही विचारल्याचं मला तरी कुठे सापडलं नाही."

मी नवा मुद्दा काढायचो. राणीचे भाऊ महा मस्तवाल, लोकांना छळायचे, दरबारात तक्रारींवर तक्रारी, आणि बादशहा बायकोसाठी त्यांना पाठीशी घालायचा. मी म्हटलं, "बघ, बायकोपायी मेहुणेसुद्धा सहन केले. आणखी काय पाहिजे?" तू शांतपणे म्हणालीस, "तुम्हाला माझा भाऊ चार दिवस सहन झाला नाही." एकदा दुबईत सिलिकॉन ओएसिसला एका बारशाला निघालो होतो आणि याच भांडणात एक्झिट चुकली. अर्धा तास वाळवंटाच्या कडेने गाडी हाणतोय मी, पाळणा म्हणून झालेला, आणि तू म्हणतेयस, "आधी बादशहाला सोडा आणि रस्त्याकडे बघा."

मला त्या बादशहाचा एवढा पुळका का होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला तो माझ्यासारखा वाटायचा. हसू नकोस. पहिली चार वर्षं मी इथे बॅचलर होतो. लग्न झालेलं, मुक्ता झालेली, तरी बॅचलर. इथे फॅमिली सोबत नसली की माणूस बॅचलरच. एका खोलीत सहा जण. रत्नागिरीकडचे दोघे होते, दोन-दोन वर्षांनी बायकोचं तोंड बघायचे. मग माझा फॅमिली व्हिसा झाला, तू आणि मुक्ता आलात, आणि एअरपोर्टवरून मी तुम्हाला असा घेऊन आलो की जसा मुंबई-पुण्यातला पहिला नवरा मीच. आम्हा लोकांत प्रेमाचं माप एकच होतं: फॅमिली आणली की नाही. मी आणली होती. त्यापुढे काही सिद्ध करायचं उरलंय असं मला वाटलंच नाही. त्याने दुसरी केली नाही, मी पहिलीला मागे ठेवलं नाही, आम्ही दोघं एका पंगतीतले.

आता ती गोष्ट, जी तू चार पानांत लिहिलीस.

लिनबाई गावी परत गेल्या. वर्षभराने त्यांचा फोन आला. तिथल्या कॉलेजात उन्हाळ्यात दोन महिन्यांचा वर्ग होता, इतिहास आणि जुनी लिपी, आणि त्यांनी तुझं नाव सुचवलं होतं. राहायचं त्यांच्याच घरी. जुने कागद हात लावून बघता येणार होते. फोन स्पीकरवर होता, तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस. मला चिनी येत नाही, पण दोन महिने एवढं तू मला मराठीत सांगितलंस आणि मी सोफ्यावरूनच म्हणालो, "छे छे. दोन महिने? मी दोन दिवस राहू शकत नाही हिच्याशिवाय. सांग त्यांना."

आणि तू सांगितलंस. चिनीत. माझा नकार तूच त्यांना सांगितलास आणि पुढच्या शर्टाची घडी घातलीस.

नंतर हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल. गणपतीत, हळदीकुंकवाला तुला सोडायला आलो की, ऑफिसच्या पिकनिकला. "बायको चीनला निघाली होती, म्हटलं यल्ला, चल, मलाही पेटीत घाल." लोक हसायचे. बायका म्हणायच्या, काका किती रोमँटिक. तू बाजूला उभी असायचीस, हसायचीससुद्धा. मी तो तुझा होकार धरला.

आता तू काय लिहिलंयस ते बघ. तूच लिहिलंस, तरी माझ्या तोंडून ऐक. "सम्राटाने दुसरी बायको केली नाही याचं आजवर कौतुक होत आलं. पण त्या अख्ख्या महालात एकच बाई, म्हणजे त्याच्या लहानपणाची भीती, त्याचं दुःख, त्याचा सगळा दिवस तिच्या एकटीच्या पदरात. ते तिला पेलवलं का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही." आणि पान उलटल्यावर: "माझा नवराही चांगला आहे. मला एकदा दोन महिने जायचं होतं. कदाचित मी गेले नसतेही. त्यांचा गुडघा दुखत होता, त्यांना धड भात लावता येत नाही. पण त्यांनी विचारलं असतं, तर नकार माझा झाला असता. तो त्यांचाच राहिला. मी फक्त भाषांतर केलं."

आधी संताप आला. म्हटलं, अगं बये, मला तोंडावर सांगायचं होतंस. पस्तीस वर्षांचा संसार आणि हे मला प्रुफात कळतंय? मग खुर्चीत बसून राहिलो आणि एकेक आठवायला लागलं. तिला कुणी काही विचारल्याचं सापडलं नाही, हे तू गाडीत म्हणालीस, जेवताना म्हणालीस, त्या चुकलेल्या एक्झिटवर म्हणालीस. फोन आला त्याच्या आधी म्हणायचीस ते बादशहाबद्दल असेल. त्यानंतर म्हणत होतीस ते? मी मूर्खासारखा चीनबद्दल भांडत राहिलो.

चुकलं माझं, शालन. हे मी तुला जिवंतपणी म्हणायला हवं होतं, आणि म्हटलं नाही. इतकं साधं वाक्य.

पण एक सांगतो. ती चार पानं मी मग तिसऱ्यांदा वाचली, कामाची कागदपत्रं तपासावी तशी, पेन्सिल घेऊन. एक शब्द जास्तीचा सापडला नाही. कुठे रडगाणं नाही, कुठे टोमणा नाही. "चांगला" हा शब्द तू माझ्यासाठी दोनदा वापरलायस, मी मोजला. माझी बाजू तू मांडलीस, माझा गुडघा घातलास, भातही घातलास. आणि मग एका बादशहाला आणि एका सर्व्हेयरला शेजारी शेजारी बसवून दोघांचंही नेमकं काय राहिलं ते दाखवलंस. हे कुणी दिग्गज प्राध्यापकाने लिहिलं असतं तर मी उठून उभा राहिलो असतो. मग माझ्याच घरात, माझ्याच ताटाशेजारी लिहिलं गेलं, तर मी ते कापू?

परांजप्यांना फोन केला. "एक अक्षर काढायचं नाही."

"काका, शुअर ना? लोक बोलतील."

"बोलू देत. आणि कव्हरवर ते 'एक अमर प्रेमकथा' लिहिलंय, ते काढा."

"मग तिथे काय टाकायचं?"

"तिचं नाव मोठं करा."

ते म्हणाले, "खलास, ठरलं. होऊन जाईल, इन्शाल्ला." मग मीच म्हटलं, या चहाला, कालचा राहिलाय.

शनिवार, सभेहून परत आलोय. हॉल भरला होता. तुझ्या वर्गातली पोरं आली होती, आता चांगली उंच झालीयत, खुर्च्या मांडत होती. साने मंडळींच्या मुलीने तुझ्याबद्दल पाच मिनिटं मराठीत भाषण केलं, कागद हातात न धरता. तिची आई रडली, मी नाही रडलो. मी बघत होतो की तू असतीस तर तिचा कुठला उच्चार सुधारला असतास.

मग मी वाचलं. बादशहाचं सगळं सरळ गेलं. "माझा नवराही चांगला आहे" इथे आवाज बसला. मुक्ता उठली, "बाबा, लेट मी." मी हातानेच तिला खाली बसवलं. तो नकार मी एकदा तुझ्या तोंडी घातला होता, आता पुन्हा दुसऱ्या बाईच्या तोंडी घालणार नव्हतो. पाणी प्यायलो आणि शेवटपर्यंत वाचलं, भाषांतराच्या वाक्यासकट. टाळ्या पडल्या नाहीत. बरेच नवरे फोनमध्ये बघत होते. बायका समोर बघत होत्या. मग मागून कुणीतरी उठून उभं राहिलं, आणि मग सगळेच राहिले, तुझ्यासाठी. शालन, मी सांगतो तुला, मोठमोठे टॉवर उभे राहिलेले मी पाहिलेत, त्यातल्या कशासाठीच माझी छाती अशी भरून आली नव्हती.

नंतर मी टेबलावर पुस्तकं वाटायला बसलो. परांजपे म्हणत होते काका, तुम्ही दमलात, आम्ही देतो. मी उठलो नाही. सगळे पांगत आले तेव्हा एक मुलगी धावत आली. नुकतीच लग्न होऊन पुण्याहून आलेली, दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, सभा चुकली म्हणून हळहळत होती. पुस्तक हातात घेऊन तिने तुझं नाव वाचलं, मोठं छापलेलं, आणि मला विचारलं, "काका, तुम्ही यांचे कोण?"

मी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, शेवटून दुसरं पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हा नवरा आहे ना, ज्याने विचारलं नाही, तो मी."